आजोळच्या माळ्यावर छर्ऱ्याची बंदूक सापडली. ओळखायला मदत हवी

नारायणपेठी | ११ जानेवारी, रात्री १०:४०

मंडळी, बंदुकीतलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच कबूल करतो.

नारायण पेठेतलं आमचं आजोळ अखेर पाडायला घेतलंय. आज मामेभाऊ आणि मी माळा उपसत होतो. बंब, दोन रोवळ्या, पाट, शेवटचं पान नसलेली पंचांगं, आणि सगळ्यात मागे गोणपाटात गुंडाळून सुतळीने करकचून बांधलेलं काहीतरी. आधी वाटलं बंबाची नळी. सुतळी कापली तर बंदूक!

जेवढं दिसतं तेवढं सांगतो. लाकूड फक्त मागे, म्हणजे दस्ता तेवढा लाकडी. पुढे सगळं उघडं लोखंड. नळीच्या खाली तिला समांतर एक दांडी आहे, ती बहुधा खाली ओढायची असावी, पण तसूभरही हलत नाही. बारीक नळी जिथे जाड नळकांड्याला मिळते, तिथे नळाच्या तोटीसारखी एक छोटी चावी आहे. सगळ्यावर पिवळट, चिकट, वार्निशसारखा थर. तो एका जागी नखाने खरवडला तर खाली एक चिन्ह निघालं. तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केल्यात, शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करतात तशा. भाऊ म्हणाला, "अरे, हे तर आप्पांच्या विलायती सायकलवरचं चिन्ह!" खरंच तेच आहे. सायकलवाल्यांचं चिन्ह बंदुकीवर कशाला?

तर प्रश्न असे. ही काय आहे? घरात ठेवली तर पोलीस धरतील का? आणि हिचं करायचं काय? भंगारवाल्याने वजनावर घेतो म्हणून सांगितलंय.

फोटो चढत नाहीयेत. उद्या पुन्हा बघतो.

खवचट७ | ११ जानेवारी, रात्री १०:५८

पुण्यात वाडा पाडताना हंडा सापडायचे दिवस गेले म्हणायचे. आता मोडकी बंदूक.

विदुला_क | ११ जानेवारी, रात्री ११:१५

वाचतेय. भंगारात मुळीच देऊ नका! आमच्या आजोबांकडे होती ती डायना. तुमचीही डायनाच असणार.

चापओढ्या | ११ जानेवारी, रात्री ११:५२

नारायणपेठी, तुम्ही न ओळखताच ओळख सांगून टाकलीत. ते चिन्ह बीएसएचं. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. १८६१ साली तिथले बंदूकवाले एकत्र आले आणि त्यांनी कंपनी काढली. सायकली आणि मोटारसायकली नंतरच्या. म्हणजे तुमचा प्रश्न उलटा विचारायला हवा, बंदूकवाल्यांचं चिन्ह सायकलवर कशाला!

विदुलाताई, आपल्याकडे छर्ऱ्याची कुठलीही बंदूक 'डायना'च असते, जसं कुठलंही वनस्पती तूप 'डालडा'. पण डायनाची लोकप्रिय मॉडेलं म्हणजे २७ किंवा ३५, त्यांची नळीच मधून मोडून खाली दाबायची असते. यांच्या बंदुकीची नळी पक्की आहे आणि दाबायची दांडी वेगळी, नळीखाली. ही रचना लिंकन जेफ्रीज नावाच्या बर्मिंगहॅमच्याच बंदूककाराची. त्याने १९०४ मध्ये पेटंट घेतलं आणि १९०५ पासून बीएसएने त्या बंदुका बनवायला घेतल्या. ती तोटीसारखी चावी म्हणजे छर्रा भरायची जागा. चावी उभी केली की भोक वर येतं, त्यात छर्रा तोंड खाली करून टाकायचा, चावी आडवी केली की छर्रा नळीच्या रेषेत येतो. पुढे लाकूड नसणं हीसुद्धा दुसऱ्या महायुद्धाआधीच्या बीएसएची खूण.

आता दोन कामं करा. टोकापासून टोकापर्यंत लांबी मोजा. लाइट मॉडेल सुमारे ३९ इंच, स्टँडर्ड ४३ च्या आसपास, त्याहून लांब ४५. आणि अनुक्रमांक शोधा, त्याच्या आधी एखादं अक्षर आहे का तेही बघा.

तोवर ती दांडी जोर लावून ओढू नका. आत स्प्रिंग आहे.

मुळशीचा_पाऊस | १२ जानेवारी, सकाळी ७:३०

माझ्याकडच्या डायनावर 'मेड इन ग्रेट ब्रिटन' लिहिलंय. डायना तर जर्मन ना? मग माझी नकली का?

चापओढ्या | १२ जानेवारी, सकाळी ८:०५

नकली नाही. डायना मूळची जर्मनीतल्या रास्टाटची. दुसऱ्या महायुद्धानंतर तिची यंत्रं आणि नाव दोन्ही ब्रिटनमध्ये गेली आणि मिल्ब्रो नावाची स्कॉटिश कंपनी डायना नावाने बंदुका बनवू लागली. मूळ जर्मन कंपनी पुन्हा उभी राहिली तेव्हा तिला ब्रिटनमध्ये स्वतःचंच नाव वापरता येईना, म्हणून तिने तिथे 'ओरिजिनल' नावाने माल विकला. भाऊबंदकी आपल्याकडेच असते असं नाही. तुमची जर जर्मन असती, तर नळकांड्याच्या मागच्या टोकाला महिना आणि वर्षाचे आकडे ठोकलेले सापडले असते.

खवचट७ | १२ जानेवारी, सकाळी ८:२०

धागा नारायण पेठेतून रास्टाटला पोचला. पोलिसांचं काय ते कोणीच सांगेना.

विधीज्ञ_नाही | १२ जानेवारी, दुपारी १:१०

सांगतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार दोन गोष्टी बघतात. नळीचा व्यास ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिमीपेक्षा मोठा असेल, किंवा नळीच्या तोंडाशी छर्ऱ्याची ऊर्जा २० जूलपेक्षा जास्त असेल, तर परवाना लागतो. दोन्हीच्या आत असेल तर लागत नाही. पूर्वी लाकडाची फळी ठेवून बघायचे, एक इंच जाडीच्या फळीतून छर्रा आरपार गेला तर परवाना. त्यामुळे जुन्या काळी बिनपरवाना चाललेली ०.२२ ची बंदूक आज चालेलच असं नाही. "आमच्या आजोबांना कोणी विचारलं नव्हतं" हे उत्तर चौकीत चालत नाही.

मोठ्या व्यासाची निघाली तर उगाच कुणाला विकायला किंवा भेट द्यायला जाऊ नका. वकिलाला गाठा आणि मग पोलीस ठाण्यात रीतसर कळवा. आणि कुठलीही निघाली तरी कबुतरांवर रोखू नका, वन्यजीव कायदा १९७२ पासून आहे.

यांत्रिक | १२ जानेवारी, दुपारी १:४५

व्यास मोजायची घरगुती युक्ती. बोहरी आळीतून ५ मिमीचं ड्रिल बिट आणा. त्याचं धारेचं नाही, मागचं गुळगुळीत टोक नळीच्या तोंडाशी अलगद टेकवा. आत गेलं तर ०.२२. तोंडावरच अडलं तर ०.१७७. ठोकू नका म्हणजे झालं.

ऊर्जेची काळजी नको. ०.१७७ चा साधा छर्रा अर्ध्या ग्रॅमचा. सेकंदाला १८० मीटर वेग धरला तरी ८ जूलच्या आसपास भरते. २० जूल गाठायला तोच छर्रा २८० मीटरने पळायला हवा, आणि एवढ्या जुन्या बीएसएच्या स्प्रिंगकडून ते व्हायचं नाही.

नारायणपेठी | १४ जानेवारी, रात्री ९:२०

तिळगूळ घ्या!

लांबी ३९ इंच, एखादा सूत इकडेतिकडे. अनुक्रमांकाआधी इंग्रजी 'एल' आहे. ड्रिल बिट तोंडावरच अडलं. चावीजवळचा थर पुसल्यावर १ हा आकडाही निघाला.

चापओढ्या | १४ जानेवारी, रात्री ९:४१

पेढे द्या. 'एल' म्हणजे लाइट. बीएसएच्या हिशेबात १ नंबरची नळी म्हणजे ०.१७७, २ नंबर म्हणजे ०.२२. तेव्हा परवान्याचा प्रश्न मिटला. दोन महायुद्धांच्या मधली बीएसए लाइट आहे तुमच्याकडे. १९३९ नंतर कारखाना युद्धाच्या कामाला लागला आणि या घराण्याच्या बंदुका बंद झाल्या त्या झाल्याच.

घरी ती आली कुठून, काही ठाऊक?

नारायणपेठी | १४ जानेवारी, रात्री १०:०२

आईचं म्हणणं, खडकीच्या कुणा गोऱ्या साहेबाने १९४७ ला जाताना आप्पांना विकली.

खवचट७ | १४ जानेवारी, रात्री १०:०६

पुण्यातल्या प्रत्येक जुन्या वस्तूमागे खडकीचा एक गोरा साहेब असतो. माणूस गेला की नुसताच विकत बसला होता?

भोसरीकर | १५ जानेवारी, सकाळी ११:३०

आमचं भोसरी एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. आणून द्या. बफिंग मारून, काळं ब्लूइंग करून, दस्त्याला पॉलिश करून नवी कोरी देतो. स्प्रिंग पण गुंडाळून मिळेल. पैसे नकोत, हौस म्हणून.

चापओढ्या | १५ जानेवारी, सकाळी ११:५०

भोसरीकर, तुमचं मन मोठं आहे, पण बफिंगचं चाक तिच्याजवळ नेऊ नका. चिन्ह आणि अक्षरं केसाएवढी खोल आहेत, एका फेऱ्यात सपाट होतील. कडा गोल होतील. मग उरेल ती चकचकीत काळी नळी, आणि ती बीएसए आहे हे तुम्हाला तोंडी सांगत बसावं लागेल. जुन्या बंदुकीचा मूळ रंग एकदाच असतो.

भोसरीकर | १५ जानेवारी, दुपारी १२:१५

म्हणजे गंज तसाच ठेवायचा? गंजाची पूजा करायची? लोखंड आहे हो, आज थांबवला नाही तर उद्या नळीत उतरेल.

यांत्रिक | १५ जानेवारी, दुपारी १२:४०

दोघांचंही बरोबर आहे. गंज थांबवायचा, रंग काढायचा नाही. सगळ्यात बारीक पोलादी लोकर, चार शून्यांची, तेलात भिजवून हलक्या हाताने. सँडपेपर अजिबात नाही. दस्त्यालाही नाही.

मला त्या पिवळ्या थराचं कुतूहल आहे. कारखान्यात असं वार्निश लोखंडावर देत नाहीत. घरात कोणाला विचाराल का?

नारायणपेठी | १९ जानेवारी, रात्री ११:१०

काल मामीकडे गेलो होतो. मामी आता पंच्याऐंशीच्या. १९५९ ला लग्न होऊन त्या वाड्यात आल्या. फोनवर बंदुकीचा फोटो दाखवला तर म्हणाल्या, "मेली ही अजून आहे होय?"

त्यांनी सांगितलं ते जमेल तसं लिहितो. बंदूक ओसरीवर खुंटीला असायची. आप्पा तिने माकडं पळवायचे, म्हणजे नुसता आवाज करायचे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. पाणी चढायला लागलं तेव्हा सगळे हाताला लागेल ते घेऊन निघाले, बंदुकीची आठवण कोणाला असणार? पाणी उतरल्यावर परत आले तर ओसरीवर मांडीपर्यंत चिखल. चार दिवसांनी चिखल उपसताना बंदूक कपाटाखाली सापडली. आप्पांनी ती विहिरीवर धुतली, पण दांडी गच्च बसलेली. तेव्हा मामींनी घरातलं करडईचं तेल चोपडलं, गोणपाटात बांधली आणि माळ्यावर टाकली. "घरात कणगीतलं धान्य कुजलेलं, भांडी वाहून गेलेली, आणि हे बंदुकीला कुरवाळत बसलेले. मीच म्हटलं, टाका ती वर." एवढं बोलून त्यांनी विषय बदलला आणि मला लाडू दिला.

म्हणजे ही त्रेसष्टाहून जास्त वर्षं माळ्यावर होती, आणि आमच्या पिढीत कुणालाच माहीत नव्हतं.

यांत्रिक | १९ जानेवारी, रात्री ११:३५

करडई! हवा लागली की जवसाच्या तेलासारखी ती सुकत जाते आणि तिचा पापुद्रा धरतो. रंगातही वापरतात. मामींनी शेंगदाण्याचं लावलं असतं तर इतकं घट्ट कवच झालं नसतं. बाहेरची अक्षरं शाबूत राहिली ती त्यांच्यामुळे. मामींना आमचा नमस्कार सांगा.

पण आतून काळजी आहे. या बंदुकीच्या नळकांड्याला खालून लांब खाच असते, दांडीचा दुवा तिथूनच दट्ट्याला जोडलेला असतो. पुराचं पाणी तिथून आत गेलंच असणार.

विदुला_क | २० जानेवारी, सकाळी ६:५०

माझे सासरे शनिवार पेठेतले. त्यांच्या घरातल्या भिंतीवर पाण्याची रेघ होती, ती वाडा पडेपर्यंत कुणी पुसली नाही. नारायणपेठी, तुम्ही त्या बंदुकीला नवी कोरी करू नका.

नारायणपेठी | ९ फेब्रुवारी, रात्री १०:३०

उघडली. सविस्तर लिहितो, कारण व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) सारखी विचारणा होतेय. काम यांत्रिक यांच्या घरी केलं. (हो, कोथरूडमध्ये शेजारच्याच गल्लीत निघाले. इथे सहा वर्षं एकमेकांना प्रतिसाद देतोय.)

पहिले बारा दिवस काहीही केलं नाही, फक्त रोज सकाळी सांध्यांवर गंज सोडवायच्या तेलाचे थेंब. स्क्रूच्या खाचेत नेमका बसेल असा पेचकस यांत्रिक यांनी कानशीने घासून बनवला. बाजारातला निमुळता पेचकस खाचेच्या कडा खातो, आणि एकदा खाच फाटली की जुन्या बंदुकीचं तोंड बिघडलं समजा. एक स्क्रू तरीही हलेना. त्याच्या डोक्यावर डाख द्यायची तापलेली कैया नुसती टेकवून ठेवली, गार होऊ दिली, पुन्हा टेकवली. तिसऱ्या वेळी 'टक्' आवाज आला. इतका आनंद मला दहावीच्या निकालाला झाला नव्हता.

दस्ता निघाल्यावर खरा धोका. चापाचा ठोकळा नळकांड्यात आट्यांनी बसवलेला असतो आणि त्याच्या मागे दाबलेली स्प्रिंग. नुसता फिरवत गेलं तर शेवटच्या आट्याला ठोकळा छातीवर येईल. म्हणून सुताराच्या लांब शिकंजात सगळं धरलं, आणि ठोकळा सुटल्यावर शिकंजा अर्धा अर्धा फेरा ढिला केला. एकट्याने करू नका.

स्प्रिंग बाहेर आली आणि तिच्यामागून गाळ. राखाडी, बारीक, जुन्या ग्रीसमध्ये मळून घट्ट झालेला, जवळजवळ चहाचा अर्धा कप. बोटाने चुरडला तर पिठासारखा. त्यात गवताची एक काडी होती. आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प होतो. मग यांत्रिक म्हणाले, "हे धुऊ नका," आणि आतून लोणच्याची रिकामी बरणी घेऊन आले.

दट्ट्याचं कातडी वायसर जळलेल्या पापडासारखं झालं होतं, हात लावताच तुकडे. स्प्रिंगला एका बाजूला गंजाचे खड्डे. नळकांड्याच्या आत मात्र नशीब, खड्डे खाचेच्या बाजूला आहेत, दट्ट्या हवा दाबतो त्या टोकाला नाहीत.

भोसरीकर | १० फेब्रुवारी, सकाळी ९:००

स्प्रिंगची तार किती मिमी, बाहेरचा व्यास, वेटोळी किती आणि मोकळी लांबी, एवढं पाठवा. बफिंग नाही मारत, घाबरू नका.

मुळशीचा_पाऊस | १० फेब्रुवारी, सकाळी ९:४०

जोडताना आत शिलाई मशीनचं तेल भरपूर सोडा, मखमली चालेल. मी तेच करतो. माझी तर चाप ओढला की धूर पण काढते.

चापओढ्या | १० फेब्रुवारी, सकाळी ९:५५

अहो, धूर काढते म्हणजे आत तेल पेटतंय! दट्ट्या हवा इतक्या झटक्यात दाबतो की ती प्रचंड तापते, आणि खनिज तेल असलं की डिझेल इंजिनासारखं पेट घेतं. आवाज जोरात येतो म्हणून लोक खूश होतात, आणि वायसर जळतं, स्प्रिंग तुटते. आजच बंद करा. दट्ट्याच्या पुढे तेल नकोच. स्प्रिंगला ग्रीसचा हलका हात, बस.

नारायणपेठी | २ मार्च, रात्री ९:४५

भोसरीकरांची स्प्रिंग बसली. पैसे घेतले नाहीत, चितळ्यांची बाकरवडी मात्र घेतली.

वायसरची गंमत वेगळी. आधी सायकलच्या पंपाचं कातडी वायसर आणलं, ते लहान. स्टोव्हच्या पंपाचं त्याहून लहान. शेवटी कोल्हापुरी चपला दुरुस्त करणाऱ्या एका मोचीबुवांना सगळा प्रकार सांगितला. त्यांनी बंदूक वगैरे काही विचारलं नाही, एवढंच विचारलं, "वाटी हवी का चकती?" वाटी. तीन मिमीचं चपलेच्या तळव्याचं कातडं गोल कापून दिलं. ते कोमट पाण्यात तासभर भिजवलं, भोसरीकरांनी लेथवर करून दिलेल्या कड्यात दट्ट्याने दाबलं, रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी वाटी तयार. कडा ब्लेडने कापली आणि दोन दिवस एरंडेलात मुरवली, कोल्हापुरी मुरवतात तशी.

बाहेरून करडईचा थर स्पिरिटच्या बोळ्याने हळूहळू काढला. खाली मूळ रंग बराच आहे, काळपट निळा. जिथे नाही तिथे तपकिरी डाग आहेत, ते फक्त तेलाने बसवले. दस्ता अक्रोडाचा निघाला. जवसाच्या तेलाचे चार हात, प्रत्येक हातात दोन दिवसांचं अंतर. (त्या तेलाचे बोळे चुरगळून कचऱ्यात टाकू नका, आपोआप पेटू शकतात. पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.)

आज गच्चीवर पहिला बार. कठड्यापेक्षा खाली, भिंतीला लागून खोकं, त्यात गणपतीची उरलेली शाडू माती ठासून भरलेली. छर्रा मातीत रुततो, उलटून येत नाही. सहा मीटरवरून पाच छर्रे. त्यातले चार एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील इतके जवळ, पाचवा माझा. चावीतून थोडी हवा फुसफुसते, गालाला लागते. तिला घासून बसवायचा मोह यांत्रिक यांनी आवरायला लावला. चावी निमुळती असते, एकदा जास्त घासली की ती कायमची खोल जाते आणि भोकं जुळत नाहीत.

परवा बंदूक मामींकडे नेली होती. त्यांनी हात लावला नाही. बरणी मात्र उजेडात धरून बराच वेळ बघितली, आणि म्हणाल्या, "ओसरीवर असाच होता. वास जायला दिवाळी उजाडली." बरणी त्यांनी ठेवून घेतली. देवघराखालच्या कपाटात आहे.

विदुला_क | २ मार्च, रात्री १०:१०

फोटो हवेत हो! बरणीचाही.

खवचट७ | २ मार्च, रात्री १०:१४

पहिल्यांदाच या संस्थळावर धागा काढणाऱ्याने शेवटपर्यंत सांगितलं. गोऱ्या साहेबाचं तेवढं राहिलं.

नारायणपेठी | २ मार्च, रात्री १०:२२

मामींना विचारलं. म्हणाल्या, "कसला साहेब? जुन्या बाजारातून आणली होती. सासूबाई ओरडू नयेत म्हणून साहेब."

मुळशीचा_पाऊस | ३ मार्च, सकाळी ८:३०

माझं पण वायसर जळलंय, आत्ता उघडून बघितलं. चापओढ्या, हसू नका. तो मोची कुठे बसतो?

नारायणपेठी | ३ मार्च, सकाळी ८:५०

पत्ता व्यनि करतो. रविवारी बसत नाहीत. दुपारी एक ते चार पण नाही. आणि जुनं वायसर बरोबर न्या, तुकडे असले तरी चालतील.